गुटख्याची पोती मोजून झाली, आता माणसं मोजूया

मित्रहो, पोस्ट मोठी आहे. पण घरात कुणी तंबाखू, मिसरी, गुटखा, मावा यातलं काहीही वापरत असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तरी वाचा, कारण शेजारच्या घरात नक्की असेल.

आमच्या धंद्यात काही बातम्या नव्याने लिहाव्या लागत नाहीत. मोबाईलमध्ये तयार असतात. गाव बदलायचं, आकडा बदलायचा, पाठवून द्यायची. "अमुक लाखांचा गुटखा जप्त, टेम्पोसह एकजण ताब्यात." सोबत फोटो. पुढे पोती, मागे अधिकारी उभे आणि कडेला रुमालाने तोंड झाकलेला चालक. २०१२ पासून ही बातमी मी किती वेळा दिली, आठवत नाही.

परवा पुन्हा एकदा दिली आणि चहाला बाहेर पडलो. शेजारच्या टपरीवर एक पोरगं आलं. मिसरूडसुद्धा नीट फुटलेलं नाही. तोंडाने काही बोललं नाही, नुसती दोन बोटं दाखवली. आतून दोन पुड्या बाहेर आल्या, एक मसाल्याची आणि एक तंबाखूची. दोन्ही एकात एक करून हलवल्या, तोंडात ओतल्या आणि गाडीला किक मारली. माझी बातमी अजून छापूनही आली नव्हती.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. पोती किती पकडली हा आकडा आम्हाला न मागता मिळतो. पण लोणंदमध्ये, आपल्या खंडाळा तालुक्यात या वर्षी किती लोकांनी तंबाखू सोडली, हा आकडा आजवर मला कुणी दिलेला नाही. आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा तो कधी मागितला नाही.

आधी माझं सांगतो, नाहीतर म्हणाल लोकांना शहाणपणा शिकवतोय.

मी सतरा वर्षं तंबाखू खाल्ली. पत्रकारितेचा डिप्लोमा करून आलो तेव्हा सुपारीचं खांडसुद्धा खात नव्हतो. पहिल्या नोकरीत रात्री पानं लागेपर्यंत जागायचं असायचं. शेजारच्या टेबलावरचे एक ज्येष्ठ तळहातावर चुना-तंबाखू मळायचे आणि चिमूट पुढे करायचे. "घ्या पत्रकार, झोप येत न्हाय." एवढंच. पुढे सकाळी डोळा उघडला की आधी पुडी आणि मग तोंड धुणं, इथवर गेलो. सभेला गेलो तरी आधी थुंकायची जागा बघून खुर्ची पकडायचो.

या सतरा वर्षांत ताप आला, कंबर धरली, दाढ दुखली, गाडीवरून पडलो. कितीतरी डॉक्टरांसमोर बसलो. बीपी बघितलं, शुगर बघितली. "तंबाखू खाता का?" हा प्रश्न एकानेही विचारला नाही. शेवटी दाढ काढायला गेलो तेव्हा एका तरुण डॉक्टरांनी आरसा दिला, गाल ओढून आतला पांढरा चट्टा दाखवला आणि म्हणाले, "काका, हा आज फक्त चट्टा आहे. आज सोडलीत तर बरा व्हायची शक्यता आहे." दोन मिनिटांचं बोलणं. बाहेर आलो आणि पुडी गटारात टाकली. नंतर दोनदा पुन्हा लागलो, ते वेगळं सांगायला नको. पण सुरुवात त्या दोन मिनिटांनी झाली.

माझ्या थोरल्या काकीला ती दोन मिनिटं मिळाली नाहीत.

काकी मिसरी लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, पाट्यावर वाटायची आणि डबीत भरून ठेवायची. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवल्यावर आणि कांदा निवडायला गेली की मध्येच दोनदा. तुमच्याआमच्या घरातल्या कितीतरी बायका हेच करतात. त्यांना कुणी व्यसनी म्हणत नाही, कारण ते दात घासणं समजलं जातं. घरी फॉर्म भरायला आशाताई आल्या होत्या. कागदावर प्रश्न होता तंबाखूचा. काकी म्हणाली, "मी न्हाय बा तंबाखू खात." आशाताईंनी लिहिलं, नाही. दोघींपैकी कुणीही खोटं बोललं नव्हतं. काकीच्या लेखी मिसरी ही तंबाखू नव्हतीच.

पुढे हिरडीला गाठ आली. दात हलतोय म्हणून आधी लवंग, मग गावठी औषध, मग गोळ्या. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा निम्मा जबडा काढावा लागला. शेवटचे पाच महिने ती नळीने जगली. मी त्याच काळात "लाखांचा गुटखा जप्त" लिहीत होतो. काकीने आयुष्यात गुटख्याची पुडी हातात धरली नव्हती.

म्हणून हे सगळं नीट मांडावंसं वाटलं.

बंदीचा इतिहास बघा. गुटख्यावर महाराष्ट्राने पहिल्यांदा बंदी घातली २००२ साली, पाच वर्षांसाठी. कंपन्या कोर्टात गेल्या आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण असा अधिकार राज्याच्या अन्न अधिकाऱ्याला नाही, तो केंद्राचा. मग केंद्राचा २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला. त्याखालच्या २०११ च्या नियमात म्हटलंय की खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन असता कामा नये. त्याचा आधार घेऊन २०१२ च्या एप्रिलमध्ये मध्य प्रदेशाने आणि जुलैमध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी आणली. आपण तर पानमसाल्यावरही आणली. २०१३ मध्ये सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, मावा, खर्रा असं सगळं त्यात आलं. ही बंदी एकेक वर्षाची असते आणि दरवर्षी नव्याने आदेश काढून ती वाढवली जाते.

आता यातली मेख लक्षात घ्या. बंदी आहे ती अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या गुटख्यावर आणि वास-मसाला घातलेल्या तंबाखूवर. साधी तंबाखू, आपली चुन्याबरोबर मळायची, ती कायदेशीर आहे. मिसरीसाठी वजनावर मिळणारी तंबाखूही मिळतेच. पुडीवर ८५ टक्के जागेत कर्करोगाचं चित्र छापावं लागतं, २०१६ पासून. पण कागदात बांधून दिलेल्या सुट्ट्या तंबाखूवर कसलं चित्र? काकीच्या डबीवर कुणी चित्र छापलं होतं?

बंदीने काहीच झालं नाही, असं मी म्हणणार नाही. टपरीवर तोरणासारख्या लटकणाऱ्या माळा गेल्या. एसटी स्टँडवरच्या मोठ्या जाहिराती कमी झाल्या. नवीन पोराला पुडी घेताना निदान इकडेतिकडे बघावं लागतं. सरकारच्याच प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात २००९-१० साली महाराष्ट्रात ३१.४ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. २०१६-१७ मध्ये ते २६.६ टक्क्यांवर आले. हे यश आहेच.

पण त्याच २०१६-१७ च्या पाहणीचे आतले आकडे बघा. महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के. तोंडात तंबाखू धरणारे किंवा लावणारे २४.४ टक्के. बायकांत ओढणाऱ्या १.४ टक्के, तर तोंडातली तंबाखू वापरणाऱ्या १६.६ टक्के. म्हणजे आपल्याकडे तंबाखूचा प्रश्न धुराचा नाही, गालाचा आणि हिरडीचा आहे. आणि 'नो स्मोकिंग'च्या पाट्या मात्र जिकडेतिकडे. बारा पाट्या बघितल्या तरी मिसरी लावणाऱ्या बाईला एकही आपली वाटणार नाही.

याच पाहणीतले अजून दोन आकडे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. हे देशाचे आहेत. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांपैकी ४९.६ टक्के लोक सोडायचा विचार करत होते. जवळजवळ निम्मे. आणि यातले जे वर्षभरात डॉक्टर-नर्सकडे गेले, त्यांच्यापैकी 'सोडा' असा सल्ला मिळाला फक्त ३१.७ टक्क्यांना. सिगारेट-विडीवाल्यांत हेच प्रमाण ४८.८ टक्के होतं. म्हणजे माझ्यासारखे दवाखान्यात जाऊन आले आणि कुणी विचारलं नाही, असे दर तिघांत दोघं. निम्मे लोक दाराशी उभे आहेत आणि आपण दार उघडत नाही. पोलीस तिकडे हायवेला टेम्पो अडवतायत.

नुसत्या बंदीचं काय होतं हे बघायचं तर भूतानकडे बघा. त्यांनी २००४ मध्ये देशभर तंबाखूविक्रीच बंद केली. जगात एवढं कडक कुणी नव्हतं. पण सीमेपलीकडे आपला देश. चोरटी तंबाखू जातच राहिली. शेवटी कोरोनात तस्करीबरोबर आजारही यायला लागला, तेव्हा त्यांनी विक्रीवरची बंदी उठवली. आपलं काय वेगळं आहे? लॉकडाऊनमध्ये सगळं बंद असताना लोणंदमध्ये पुडी चौपट-पाचपट भावाने मिळत होती, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तलफ असेल तर माल वाट काढतो.

काही शिकलेली मंडळी मला स्वीडनचा फॉरवर्ड पाठवतात. तिथे लोक स्नूस नावाची तंबाखू ओठाखाली ठेवतात, सिगारेट कमी झाली, कर्करोग कमी आहे, वगैरे. अहो, ते वेगळं प्रकरण आहे. त्यांची तंबाखू वाफवून, घातक रसायनं कमी राहतील अशा पद्धतीने बनवतात. आपल्या पुडीत तंबाखू, चुना, कात आणि सुपारी. नुसती सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण ठरते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलंय. तोंड उघडेनासं होतं ते मुख्यतः सुपारीनेच. तेव्हा स्वीडनचं औषध लोणंदला लागू नाही.

मिसरीचंही ऐका. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांवर केलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडातली तंबाखू वापरणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. त्या बायकांत बहुतेक जणी मिसरीच लावणाऱ्या होत्या. अंगणवाडीत आपण बाळाचं वजन काट्यावर बघतो, कमी भरलं की खाऊ देतो. आईला मिसरीबद्दल कोण विचारतं?

आणि हा रोग गरीब-श्रीमंत बघत नाही, हे आपल्या भागाला सांगायला नको. शेजारच्या बारामतीच्या शरद पवारांचं तोंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन २००४ मध्ये झालं. आपल्या सवयीचा पश्चात्ताप त्यांनी नंतर जाहीर सभांतून बोलून दाखवलाय. सांगलीचे आर. आर. आबा, ज्यांनी गावोगावी ग्रामस्वच्छता अभियान नेलं, ते १६ फेब्रुवारी २०१५ ला तोंडाच्या कर्करोगानेच गेले. वय ५७. ज्यांच्या हाताशी मुंबईतले सगळे डॉक्टर होते त्यांची ही गत, मग कांद्याच्या वखारीत पोती उचलणाऱ्या माणसाचं काय?

मग करायचं काय? माझ्या मते चार गोष्टी. चारही आपल्या आवाक्यातल्या.

पहिली, विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्यासाठी पहिल्यांदाच उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात म्हटलंय की प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याने येणाऱ्या माणसाला ३० सेकंद ते ३ मिनिटं तंबाखूबद्दल सल्ला द्यावा. नेहमीच्या कामाचा भाग म्हणून, प्रत्येक वेळी. याला बजेट लागत नाही. केसपेपरवर एक ओळ लागते. फक्त प्रश्न आपल्या भाषेत विचारा. "तंबाखू खाता का?" असं नको. "मिसरी लावता का? चुना-तंबाखू? मावा? गुटखा? सुपारी?" एकेक नाव घेऊन विचारा. काकीने 'हो' म्हटलं असतं.

दुसरी, सोडायला मदत द्या. मला पहिले चार दिवस डोकं फुटेल असं वाटत होतं. बायकोवर ओरडलो, बातमीत चुका केल्या. हे होतं, हे निकोटीनमुळे होतं आणि ते ओसरतं, एवढं जरी कुणी आधी सांगितलं असतं तरी मी दोनदा घसरलो नसतो. निकोटीनचं च्युइंगम २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांच्या सल्ल्याने मोफत मिळालं पाहिजे. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत नंबर २०१६ पासून आहे आणि २०१८ पासून तो पुडीवरच छापलेला असतो. मी सतरा वर्षं पुड्या फोडल्या, पण त्यावर काय लिहिलंय ते कधी वाचलं नाही.

तिसरी, तोंड बघा. तिशीपुढच्या लोकांची तोंडाची तपासणी उपकेंद्रात करायची हे सरकारी कार्यक्रमात आहेच. ती खरोखर टॉर्च लावून व्हावी. बाजार समितीत हमाल, मापाडी, कांदा निवडणाऱ्या बायका एका जागी शेकड्यांनी भेटतात. तिथे जाऊन व्हावी. माउलींची पालखी लोणंदला मुक्कामी येते तेव्हा पाय चेपायला आणि गोळ्या द्यायला कितीतरी मंडळं तंबू टाकतात. एका तंबूत तोंडं तपासा. गळ्यात माळ घातल्यावर दारू-मटण सोडणारी आपली माणसं तंबाखूला मात्र सूट देतात. वारीत कुणी प्रेमाने सांगितलं तर ऐकतील.

चौथी, विक्रीला शिस्त लावा. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायची नाही, असं २००३ चा कायदा सांगतो. मोडला तर दंड २०० रुपयांपर्यंत. दोनशे! दिवसाच्या गल्ल्यात ते कळतही नाहीत. पण बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे लहान मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? केंद्राच्या आरोग्य खात्याने २०१७ मध्येच कळवलंय की तंबाखू विकणाऱ्याला स्थानिक संस्थेने परवाना द्यावा आणि त्या दुकानात बिस्किट-गोळ्या-चिप्स विकू देऊ नयेत. म्हणजे पोरं खाऊसाठी तिथे जाणारच नाहीत. आपल्या नगरपंचायतीने हा ठराव घेतला तर अडवतंय कोण?

हे वाचून दोन-तीन फोन येणार, मला माहीत आहे. एक म्हणेल, टपरीवाल्याने खायचं काय? बरोबर आहे. टपरीवाला माझा शत्रू नाही, माझा चहा तिथेच होतो. म्हणून तर म्हणतो की धाडी घालून त्याला महिन्यातून एकदा पिळण्यापेक्षा परवाना आणि नियम द्या. दुसरा म्हणेल, शेतकऱ्याचं काय? तेही खरं. निपाणीत १९८१ साली शरद जोशींच्या आंदोलनात तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी गोळ्या खाल्ल्यात, हे विसरता येत नाही. जागतिक तंबाखू नियंत्रण करारावर भारताने २००४ मध्ये शिक्कामोर्तब केलं. त्यातही तंबाखू पिकवणाऱ्यांना दुसरं साधन द्या, असं कलम आहे. ते कलम सरकारला आठवण करून द्यायचं काम आपलं. तिसरा म्हणेल, आधी दारू बंद करा. दारूवर वेगळी पोस्ट लिहीन. पण एका रोगाचं औषध दुसऱ्या रोगाच्या नावावर पुढे ढकलायचं नसतं.

आणि हे होऊ शकतं. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे खर्रा घरोघरी आहे, २०१६ पासून डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने सरकारला सोबत घेऊन 'मुक्तिपथ' चालू आहे. गावाचा ठराव, गावाची समिती, तालुक्याला व्यसन सोडवायचं उपचार केंद्र आणि मुख्य म्हणजे पाहणी. किती लोक वापरतात, किती पैसे जातात, हे ते मोजतात. त्यांना जमतं तर लोणंद काही एवढं मागास नाही.

मी माझ्यापुरतं ठरवलंय. यापुढे गुटखा पकडल्याची बातमी दिली की शेवटी एक ओळ असेल: या महिन्यात तालुक्यात किती जणांना सोडायला मदत मिळाली. माहिती मिळाली नाही तर 'माहिती मिळाली नाही' असं छापेन. दर महिन्याला.

तुम्ही आज रात्री एवढं करा. आरशासमोर तोंड उघडून तीन बोटं उभी आत जातात का बघा. गालाच्या आत, जिभेखाली, हिरडीवर पांढरा-लाल चट्टा किंवा दोन-तीन आठवडे न भरणारी जखम आहे का बघा. असेल तर लवंग लावत बसू नका, डॉक्टरांकडे जा. आणि स्वतःचं झालं की घरातल्या आईला, काकीला, आजीला विचारा. 'तंबाखू खातेस का' असं नाही. "मिसरी लावतेस का गं?" असं.

ज्यांनी सोडलीय त्यांनी खाली कमेंटमध्ये नुसतं 'सोडली' आणि साल लिहा. लोणंदचा पहिला आकडा आपणच तयार करू. माझ्यापासून सुरुवात: सोडली, २०१९.